नाव सांगा, बाई

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या करायला कारकून घरोघरी गेले, तेव्हा त्यांना एक अनुभव सारखा येत होता. दाराआडून बाई बाकीची सगळी उत्तरं देई, पण स्वतःचं नाव सांगत नसे. अमक्याची आई, तमक्याच्या घरातून, एवढंच. कारकुनांनीही तसंच लिहून घेतलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना ते मान्य झालं नाही. नोंद व्हायची तर ती बाईच्या स्वतःच्या नावानेच, असा त्यांनी आग्रह धरला, आणि ज्यांची नावं शेवटपर्यंत मिळाली नाहीत अशा सुमारे २८ लाख बायका १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत यादीबाहेर राहिल्या. त्या मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत इथल्या होत्या.

मध्य भारत म्हणजे आम्ही. होळकरांचं इंदूर, शिंद्यांचं ग्वाल्हेर आणि आसपासची लहान संस्थानं मिळून १९४८ साली झालेलं राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मध्य प्रदेशात सामील झालं. त्या यादीबाहेर राहिलेल्यांत आमच्या आजेसासूबाईही होत्या, असं घरात सांगतात. राजवाड्याजवळच्या वाड्यात कारकून आला, तेव्हा त्या दाराआड उभ्या राहून थोरल्या मुलाचं नाव सांगून 'त्याची आई' म्हणाल्या. नवऱ्याचं नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि स्वतःचं कुठलं सांगायचं? माहेरचं नाव लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात पुसलं गेलेलं, सासरचं ठेवलेलं नाव पत्रिकेपुरतं. वाड्यात त्यांना हाक होती ती धाकट्या काकू अशी. १९५७ ला, मध्य प्रदेशातल्या पहिल्या विधानसभेच्या वेळी, माझ्या सासऱ्यांनी (ते तेव्हा शाळकरी होते) आईकडून नाव घोकून घेतलं होतं. साहेब आले की एवढं म्हणायचं, दुसरं काही नाही. त्या वर्षी आजेसासूबाईंनी पहिलं मत दिलं.

सासूबाई ही गोष्ट दर निवडणुकीला सांगतात आणि मी दर वेळी मन लावून ऐकते. मतदानाची तयारी म्हटलं की आपल्याला सभा, झेंडे, रिक्षावरचे भोंगे आणि शेवटच्या आठवड्यातल्या चर्चा आठवतात. मला वाटतं खरी तयारी त्याच्या फार आधी सुरू होते, आणि तिची पहिली पायरी म्हणजे यादीत आपलं नाव, आपल्याच नावाने असणं. दुसरी पायरी, घराचं म्हणून नव्हे तर स्वतःचं म्हणून मत बनवणं. बायकांच्या बाबतीत या दोन्ही पायऱ्या अजून निसरड्या आहेत.

माझंच बघा. मी साताऱ्याची. २००५ साली लग्न होऊन इंदूरला आले. रेशनकार्डावर माझं नाव महिन्याभरात चढलं. मतदारयादीत चढायला मात्र २००८ ची विधानसभा जवळ यावी लागली. कुणी अडवलं नव्हतं, कुणाला घाई नव्हती इतकंच. तेव्हा वर्षातून एकच पात्रता तारीख असे, १ जानेवारी. आता २०२२ पासून चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलांना आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे सरकारी बाजूने दार रुंद झालंय. घरातून सुनेच्या नावाचा अर्ज वेळेत निघतो का, हा प्रश्न आहे तिथेच आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, आणि ही सगळी जुनी दुखणी एकदम वर आली. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाई दारोदार फॉर्म देत फिरत होत्या. फॉर्मवर मागच्या अशा पुनरीक्षणाच्या (मध्य प्रदेशात २००३ च्या) यादीतला तपशील मागितला होता. तेव्हा तुमचं नाव असेल तर तुमचा, नसेल तर आईवडिलांचा. सासू-सासऱ्यांचा चालत नव्हता. आमच्या मोहल्ल्यात ही बातमी पसरली तशी मराठी घरांतल्या सुनांची एकच धावपळ झाली. इंदुरी मराठी कुटुंबांच्या सोयरिकी अजूनही पुणे, सांगली, नागपूर, अकोला अशा लांबलांबच्या. वीस-वीस वर्षं इथे मतदान केलेल्या बायका माहेरी फोन लावून विचारत होत्या, दादा, आपला वॉर्ड कोणता होता रे तेव्हा? शाळा कोणती होती मतदानाची?

माझ्या दादाने रात्री जागून महाराष्ट्रातल्या जुन्या याद्या उघडल्या. ती सगळी स्कॅन केलेली पानं. त्यांत शोधायची सोय नाही, एकेक पान डोळ्यांखालून घालायचं. साताऱ्याच्या आमच्या पेठेचा भाग सापडला, मग घरक्रमांक. त्याने मला पानाचा फोटो पाठवला. वडील, त्यांच्या खाली आई, मग दादा. माझं नाव तेव्हा चढलेलं नव्हतं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या नावावर घरात फारसे कागद नव्हते. घर वडिलांच्या नावाने, वीजबिलही त्यांच्याच. पण इथे ती पूर्ण नावाने, वयासह, स्वतंत्र ओळीवर बसलेली होती. तिच्या नावाचा हा आकडा मी इंदूरच्या फॉर्मवर लिहिला आणि माझी नोंद तिच्याशी जोडली गेली. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येईल, पण वाचणाऱ्या प्रत्येक सासुरवाशिणीला ते न लिहिताही कळेल.

हे पुनरीक्षण चांगलं की वाईट यावर पुष्कळ भांडणं झाली, पुढेही होतील. माझं मत एवढंच आहे की यादी स्वच्छ असावी हे खरं, पण जिने नाव, आडनाव आणि गाव तिन्ही एका दिवसात बदललं तिच्यावर पुराव्याचं ओझं नवऱ्यापेक्षा जास्त पडतं, हे यादी करणाऱ्यांनी धरून चालायला हवं. माझ्या नवऱ्याचा फॉर्म दहा मिनिटांत भरून झाला. तो जन्मला त्याच गल्लीत राहतो.

इथल्या मराठी माणसांना आणखी एक बारीक काम करावं लागतं. यादी हिंदीत असते आणि हिंदीत ळ नाही. त्यामुळे काळे हे काले होतात, आणि मराठी पद्धतीचं तीन भागांचं नाव कधी अर्धं, कधी दुप्पट होऊन छापलं जातं. नावाने शोधून सापडलं नाही की लोक घाबरतात. ओळखपत्रावरच्या क्रमांकाने शोधावं, तो बदलत नाही. चूक असेल तर फॉर्म ८ भरावा, पत्ता बदलला तरी तोच. फॉर्म ६ नव्या नावासाठी, ७ नाव वगळण्यासाठी. हे तीन आकडे मी आमच्या भिशीच्या बायकांना पाठ करायला लावलेत. ओळखपत्र हातात आहे म्हणून मत देता येईल असं समजणारे अजून भेटतात. यादीत नाव नसेल तर कार्ड दाखवून उपयोग नाही. उलट यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलंय, तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक अशा कागदांवर काम होतं. घरी येणारी मतदाता परची फक्त बूथ आणि अनुक्रमांक कळण्यासाठी आहे. २०१९ पासून तिला एकटीला ओळखीचा पुरावा मानत नाहीत.

आता दुसऱ्या पायरीबद्दल.

२०२३ ची विधानसभा १७ नोव्हेंबरला झाली. १२ तारखेला लक्ष्मीपूजन, त्यामुळे सगळा प्रचार चकल्या-करंज्यांच्या वासात मिसळलेला. फराळाला येणारे पाहुणे आणि मत मागायला येणारे कार्यकर्ते एकाच दारात एकमेकांना वाट देत होते. दोन्ही बाजूंचे आले, आणि प्रत्येकाने माझ्या नवऱ्याकडे बघून एकच विचारलं, "भैया, इस घर में कितने वोट हैं?" या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. घरात मतं नसतात, माणसं असतात. जुन्या वाड्यांत कर्ता पुरुष संध्याकाळी सगळ्यांना बसवून निशाणी सांगे आणि सकाळी रांगेने सगळा वाडा तिथेच शिक्का मारून येई. सासूबाई म्हणतात, आमच्याकडेही तसंच होतं, माझी ड्यूटी लागेपर्यंत.

त्या सरकारी शाळेत शिक्षिका होत्या. १९८० पासून निवृत्तीपर्यंत जवळपास प्रत्येक निवडणुकीत त्यांची मतदान केंद्रावर नेमणूक झाली. पत्र्याच्या पेट्या, बाणांच्या फुलीचा रबरी शिक्का, आणि मतपत्रिकेची घडी. आधी उभी, मग आडवी, म्हणजे ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटून मत बाद होत नाही. शेकडो बायकांना त्यांनी ही घडी शिकवली. त्यातल्या कित्येक जणी मागे वळून नवऱ्याला विचारायच्या, कुठे मारू? आणि सासूबाई नियमाप्रमाणे नवऱ्याला बाहेर उभं करायच्या. असं वर्षानुवर्षं केल्यावर घरी येऊन सासऱ्यांना विचारून मत देणं त्यांना जमेना. त्यांनी विचारणं बंद केलं आणि सांगणंही. आजतागायत आमच्या घरात कुणालाही ठाऊक नाही की त्या कुणाला मत देतात.

२०२३ ला त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या वेळी ऐंशीच्या वरच्यांना आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती, त्यासाठी फॉर्म १२-डी भरून द्यावा लागे. गुडघे साथ देत नव्हते, म्हणून त्यांनी तो भरला. मतदानाच्या दिवसाआधीच एक पथक घरी आलं. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मतदान यंत्र नाही, कागदी मतपत्रिका. सासूबाईंनी चष्मा पुसला, घोषणापत्र पूर्ण वाचलं, आतलं पाकीट आणि बाहेरचं पाकीट वेगळं ठेवलं, आतल्यावरचा अनुक्रमांक मतपत्रिकेच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहिलं. मग माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तू स्वयंपाकघरात जा." तो म्हणाला, "आई, मी कुठे बघतोय?" "नसशील बघत. पण जा." तो गेला. मीही गेले. माझी सोळा वर्षांची मुलगी आधीच दाराबाहेर जाऊन उभी राहिली होती. पथकातला तरुण कर्मचारी हसत होता, पण अदबीने. त्याच्या दिवसातलं ते कितवं घर असेल कोण जाणे, तरी त्याने पाकीट चिकटवायची घाई केली नाही.

आम्ही बाकीचे १७ तारखेला गेलो, शुक्रवारी सकाळी. त्या दिवशी छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जिलेबी फुकट होती. बोटावरची शाई दाखवायची आणि बशी घ्यायची. इंदूरकरांना घराबाहेर काढायला याहून चांगली युक्ती नाही. बोटाची ती शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते, हे सासूबाई दर वेळी सांगतातच.

पण पोह्यांच्या आधी जे झालं ते सांगायचंय. आमच्याकडे एक वही आहे. सासूबाईंच्या शाळेच्या हजेरीपटासारखीच त्यांनी ती आखली आहे. उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली की आमच्या मतदारसंघातले उमेदवार वहीत चढतात, आणि प्रत्येकाचं शपथपत्र आम्ही वाचतो. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले जाहीर करावे लागतात. ते फॉर्म २६ मध्ये असतं आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतं. खूप कमी लोक उघडतात. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांना हे कागद आपल्यासाठी ठेवलेले आहेत हेच माहीत नव्हतं. वाचायला कंटाळवाणे असतात, हे खरं. पण खटला कोणत्या कलमाखाली आहे, आरोप निश्चित झालेत की नाहीत, आंदोलनातला गुन्हा आहे की मारहाणीचा, हे स्वतः वाचलं की कोपऱ्यावरच्या चर्चेत कुणी काहीही सांगितलं तरी आपण हलत नाही.

वहीत उजव्या बाजूला प्रश्न असतात, आणि तिथे आम्हाला बराच विचार करावा लागला. गल्लीत उमेदवार आला की सगळे त्याला नालीबद्दल, कचऱ्याच्या गाडीबद्दल विचारतात. इंदूर २०१७ पासून देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून गाजतंय, त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण ते काम नगर निगमचं, त्यासाठी पार्षद आहे. भोपाळच्या २३० जणांच्या सभागृहात जाणाऱ्या माणसाला वेगळं विचारायला हवं. एमवाय या सरकारी रुग्णालयात डॉक्टर आणि नर्स किती, औषध आतून मिळतं की बाहेरून आणायला लावतात? सरकारी शाळांतल्या रिकाम्या जागा कधी भरणार? २०२१ च्या डिसेंबरात शहरात पोलीस आयुक्त पद्धत आली, तो राज्याचा निर्णय होता. त्याने रात्री एकट्या येणाऱ्या मुलीला काय फरक पडला? शहराचा मास्टर प्लॅन राज्यात मंजूर होतो, तो कुणाच्या जमिनी बघून बनतो? नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ ला आलं ते १९७० च्या आंदोलनामुळे, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्याला ऐकावं लागलं म्हणून. सासरे त्या मोर्चांत होते. आज शहर केवढं पसरलंय, आणि पुढच्या तीस वर्षांच्या पाण्याचं काय, हे आमदाराला विचारायचं नाही तर कुणाला?

आमच्या दारी आलेल्या दोघांना मी एमवायबद्दल विचारलं. एकाने ऐकून घेतलं, एकाने माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

वही सगळ्यांची असली तरी निर्णय ज्याचा त्याचा. वाद होतात, जोरात होतात. नवरा आणि मी २०१८ ला आठवडाभर धड बोललो नव्हतो. पण कुणी कुणाला यंत्रापुढे उभं राहून काय केलंस ते विचारत नाही. बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, ती त्या एकाच माणसाने बघायची असते. एखादीला कुणीच पटलं नाही तर नोटा आहे. इंदूरने २०२४ च्या लोकसभेला त्याला दोन लाखांहून जास्त मतं देऊन ते बटण किती खरं आहे हे देशाला दाखवलं. मी स्वतः नोटा वापरलेला नाही, पण वापरणारीला नावं ठेवणार नाही, तिने वही वाचलेली असेल तर.

पुढची विधानसभा २०२८ च्या अखेरीस. आणि आमच्या घरात एक नवीन नाव चढायचं आहे. मुलगी अठरा पूर्ण झाली आणि पुण्याला कॉलेजला गेली. इंदूरच्या मराठी घरांतली निम्मी मुलं पुण्यालाच जातात, आणि त्यांतली बरीच परत येत नाहीत. तिने फोनवर विचारलं, "आई, माझं नाव कुठे टाकू?" वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही मोकळीक आहे, घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या. एकाच वेळी दोन ठिकाणी मात्र नाही, तो गुन्हा आहे. मला अर्थातच वाटत होतं इथे. २०२८ ला तिने दिवाळीला येऊन आमच्याबरोबर रांगेत उभं राहावं, असं मी मनात रंगवलं होतं. महाराष्ट्राची विधानसभा २०२९ ला, म्हणजे तिचं पहिलं विधानसभेचं मत एक वर्ष लांबणार, हेही मी तिला सांगून पाहिलं.

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "जिथलं पाणी पितेस, जिथल्या रस्त्यावरून रात्री परत येतेस, तिथल्या आमदाराला जाब विचारता आला पाहिजे. आमच्यासाठी इथे मत नको देऊस." मी काही बोलले नाही. मला ते पटायला दोन-चार दिवस लागले, आणि अजूनही पूर्ण पटलंय असं नाही. एवढी लांबची मुलगी, निदान नाव तरी घरच्या यादीत असावं असं वाटणं चुकीचं नाही. पण तिचा निर्णय तिचा, हे आम्हीच तिला शिकवलं.

तिने फॉर्म ६ पुण्याच्या पत्त्यावर भरला. नातेवाइकाच्या रकान्यात वडील किंवा आई दोन्ही चालतं, तिने माझं नाव लिहिलं. तो फोटो तिने मला पाठवला नाही, आजीला पाठवला.

परवा रात्री तिचा मेसेज आला. तिच्या भागातल्या आमदाराचं २०२४ चं शपथपत्र उघडून बसली होती. आजीला विचार, जमिनीची किंमत घेतली तेव्हाची धरायची की आजची? सासूबाई झोपायच्या तयारीत होत्या. त्यांनी चष्मा परत चढवला आणि मला म्हणाल्या, "दोन्ही रकाने असतात. तिला सांग, खालच्या ओळीत बघ, आणि बायकोच्या नावाने काय आहे तेही बघ."